उघड्या दाराचा वाद

1851 साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप असा, की या शाळा मुलांना नास्तिक करतात. गंमत अशी, की त्या काढणारा फ्रीड्रिख फ्रोबेल पाद्र्याचा मुलगा होता आणि खेळता खेळता मुलाला सृष्टीतली ईश्वरी एकता जाणवावी, यासाठीच त्याची सगळी खटपट होती. पुढच्याच वर्षी तो वारला; बंदी उठायला 1860 उजाडले. नंतर हीच पद्धत पुण्यात आणणाऱ्या बाईंवर आरोप झाला तो नेमका उलटा: मुलींना बाटवतात!

पंडिता रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथेच किंडरगार्टनचे रीतसर शिक्षण घ्यायला बसल्या. फ्रोबेलचे पहिले साधन म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसऱ्यात लाकडी गोळा, ठोकळा आणि या दोघांचे गुण अंगी असलेला दंडगोल. आडवा केला की गोळ्यासारखा गडगडतो, उभा केला की ठोकळ्यासारखा ठाम बसतो. परस्परविरोधी गोष्टी एकत्र नांदतात, हे चार वर्षांच्या पोराच्या हाताला आधी कळते. देवाचे नाव कुणी घेत नाही, पण फ्रोबेलच्या लेखी हा धर्मशिक्षणाचाच पहिला धडा.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, 1890 मध्ये ते पुण्यात आले. सदन विधवांसाठी होते. पण त्या काळी विधवा म्हणजे कित्येकदा परकरी पोरच. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे, या अटीवर अमेरिकेतून पैसा येत होता. सोवळेओवळे पाळायची मुलींना मुभा होती. रमाबाई मात्र 1883 मध्ये ख्रिस्ती झालेल्या. त्या आपल्या खोलीत लेक मनोरमेबरोबर प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. बाई बोलावत नव्हत्या, हाकलतही नव्हत्या. ‘केसरी’ने रान उठवले, 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आपल्याकडे या वादात अजूनही पक्ष घेतला जातो. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. ज्या बाईने आपल्याला पोटाशी धरले, तिच्या खोलीत आठ वर्षांची मुलगी आपखुशीने जाते, ही आपखुशी किती मोजायची? पण दार लावून घ्यायचे म्हणजे मुलांपुढे आपण कोण आहोत ते लपवायचे, आणि मुले लपवाछपवी फार लवकर ओळखतात. रमाबाईंनी स्वतःची लहानपणची श्रद्धाही अशीच सहवासातून उचलली होती. आई लक्ष्मीबाई पहाटे लाडीगोडीने उठवून संस्कृत शिकवत. त्या आठवणीत आईच्या आवाजाचा गोडवा त्यांना कितीतरी वर्षांनीही जाणवत होता.

पुढे पुणे जिल्ह्यातच, दौंड तालुक्यातल्या केडगावी, रमाबाईंची ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. 1896-97 च्या दुष्काळातून आणलेल्या पोरींना विचारायला पालकच उरले नव्हते. तिथे उपासना उघड आणि सार्वत्रिक झाली. शारदा सदनातला प्रश्न तिथे सुटला नाही, तो विचारणारे कुणी राहिले नाही.

माँटेसरीबाईंनी 1907 नंतर रोममध्ये एक वेगळीच वाट धरली. चार महिन्यांचे तान्हे बाळ वर्गात आणून त्या मुलांना म्हणाल्या, बघा, याच्याइतके शांत राहता येते का? मुले श्वासही जपून घेऊ लागली. मग शेजारच्या खोलीतून एकेकाचे नाव कुजबुजत हाक मारायची आणि त्याने पाऊल न वाजवता यायचे. कॅथलिक असलेल्या बाईंना यात प्रार्थनेची तयारी दिसत होती. पण हा खेळ कुठल्याही धर्माच्या घरात चालतो. 1939 ते 1946 या काळात त्यांचे बरेच वास्तव्य भारतात झाले, तरी आपल्या बालवाड्यांत मौनाचा खेळ कमी आणि ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ जास्त रुजले.

आता अवसरी खुर्दसारख्या गावातले बघा. भैरवनाथापुढे आजी नातवाचे हात जुळवून ‘बाप्पाला जय जय कर’ म्हणते, ती त्याची संमती घेत नाही आणि कुणाला त्यात वावगेही वाटत नाही. तेच मूल इंग्रजी शाळेच्या गाडीत बसून मिशनच्या शाळेत जाऊ लागले, आणि तिथे डोळे मिटून येशूला ‘थँक यू’ म्हणून डबा उघडू लागले, की घरात कुजबुज सुरू होते. संविधानाच्या अनुच्छेद 28 चा तिसरा खंड सांगतो, की सरकारमान्य वा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना कुणावर लादता येत नाही. मूल अज्ञान असेल, तर पालकाची संमती लागते. बहुतेक पालकांना हे माहीतच नसते, आणि शाळाही आपणहून सांगायच्या फंदात पडत नाहीत.

मिशनच्या शाळेने आपला येशू कपाटात ठेवावा, असे मी म्हणणार नाही. बालवर्गात भाकरी वाटून खाणे, पडलेल्याला उचलणे, चाफ्याच्या फुलाकडे पाच मिनिटे बघत बसणे या गोष्टी तिथल्या कित्येक शिक्षिका भक्तिभावाने शिकवतात, आणि तो भाव कुठून येतो, हे मुलांना कळले तर बिघडत नाही. प्रवेश घेताना पालकांनी फीबरोबर एक गोष्ट मात्र जरूर विचारावी: प्रार्थनेच्या वेळी एखादे पोर डोळे उघडे ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले, तर बाई काय करतात?