घरांतील ध्वनियंत्रांची मांडणी

मुंबईच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या कुटुंबानें शहापूर अथवा मुरबाड तालुक्यांत लहानसें घर बांधलें, म्हणजे शहरांतील बऱ्याच जुन्या वस्तूंची पाठवणी तिकडे होऊं लागते. जुनें कपाट जातें, आजोबांची आरामखुर्ची जाते आणि पुष्कळदां माळ्यावर वर्षानुवर्षें पडून राहिलेली ध्वनिमुद्रिकांची पेटीहि जाते. पेटींतून हिराबाई बडोदेकरांची, अब्दुल करीमखांची किंवा बालगंधर्वांची तबकडी बाहेर निघते. विजेवर चालणारा नवा रेकॉर्ड-प्लेअर आणला जातो, तो दिवाणखान्यांतील पहिल्या रिकाम्या टेबलावर ठेवला जातो, आणि रात्रीं सर्वत्र सामसूम झाल्यावर मंडळी ऐकावयास बसतात. तोंच गाण्याच्या तळाशीं एक जाडसर घरघर उमटूं लागते. आसनगांवाकडून कसाऱ्याच्या दिशेनें मालगाडी चालली आहे, आणि तिचा कंप स्वरांत मिसळत आहे. एखादें मूल खोलींतून धावत गेलें तर सुई उडते, आणि तबकडीवर कायमचा ओरखडा पडतो.

दोष नवीन नसतो. शहराच्या गोंगाटांत तो झांकलेला असतो. खेड्याच्या शांततेंत उघडा पडतो, इतकेंच. पण त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाहीं. यंत्र पुन्हां विकत मिळेल. आजोबांनीं जपलेली तबकडी एकदां चिरली कीं तिच्या जागीं दुसरी मिळेलच असें नाहीं. म्हणून यंत्र कशावर ठेवावें हा प्रश्न वरवर पाहतां सुताराचा वाटला, तरी वस्तुतः तो त्या गाण्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

येथें कोणीहि सहज विचारील कीं, जुना चावीचा फोनो कोणत्याहि तिवईवर बिनतक्रार वाजत असे, मग नव्या यंत्राचेच एवढे लाड कां? ह्याचें उत्तर दोन्ही यंत्रांच्या रचनेंत आहे. जुन्या फोनोच्या सुईवर शंभर ग्रॅमांहून अधिक भार पडे. ती सहसा उडत नसे, मात्र तबकडी झिजवीत असे. तिचा आवाज कर्ण्यांतून जसाच्या तसा बाहेर पडे. तो वाढविणारें विजेचें साधन मध्यें नव्हतें. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खांचहि सुमारें ०·१५ मिलिमीटर रुंद असे. १९४८ सालीं अमेरिकेंत लाँग-प्ले तबकडी निघाली, तिची खांच त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आली. आतां सुईवरील भार दोन-तीन ग्रॅमांवर उतरला आहे, आणि सुईची हालचाल विजेच्या साहाय्यानें कित्येक पटींनीं वाढविली जाते. सुईला मात्र गाण्याचा कंप कोणता आणि मालगाडीचा कोणता हें कळत नाहीं. तबकडीच्या आणि सुईच्या मध्यें जी जी हालचाल होईल, ती ती वाढून ध्वनिक्षेपकांतून बाहेर पडते.

हा उपद्रव तीन वाटांनीं येतो. पहिली वाट जमिनीची: पावलें, आगगाडी, रस्त्यावरील जड वाहनें. दुसरी वाट हवेची: ध्वनिक्षेपकांतून निघालेला आवाजच तबकडीवर व फळीवर आदळतो, सुई हलते, तो आवाज पुन्हां वाढून बाहेर येतो, आणि हें चक्र थांबलें नाहीं तर घुमण्याचें रूपांतर कर्कश किंवा भसाड्या हुंकारांत होतें. तिसरी वाट यंत्राच्या पोटांतली: मोटरीचा व ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट. तिन्ही वाटांना एकच औषध लावूं पाहणें ही ह्या बाबतींतील सर्वांत मोठी चूक होय.

औषधाचें तत्त्व समजण्यास घरांतील झोपाळा पुरेसा आहे. झोपाळा ज्या कडीला टांगला आहे ती कडी अगदीं हळूहळू इकडून तिकडे सरकविली, तर झोपाळा तिच्या मागोमाग जातो. कडी फार जलद थरथरविली, तर झोपाळा जागचा हालत नाहीं. पण झोपाळ्याच्या स्वतःच्या लयीशीं जुळवून कडी हालविली, तर झोका प्रत्येक खेपेस वाढतच जातो. स्प्रिंगेवर किंवा रबरावर ठेवलेलें यंत्र तंतोतंत असेंच वागतें. त्याचीहि एक लय असते, आणि ती लय कळण्यास फूटपट्टी पुरते. यंत्र ठेवल्यावर स्प्रिंग किती दबली हें मोजावें. एक मिलिमीटर दबली तर यंत्राची स्वाभाविक लय सेकंदास सुमारें १६ कंपांची. अडीच मिलिमीटर दबली तर १० ची. दहा मिलिमीटर दबली तर ५ ची. आणि पंचवीस मिलिमीटर दबली तर ३ ची. ह्या लयीच्या सुमारें दीडपट वेगाच्या पुढील कंपांपासूनच संरक्षण मिळूं लागतें. त्याखालीं संरक्षण नाहीं; आणि नेमक्या त्या लयीशीं उपद्रव उलट वाढतो.

ह्यावरून पुढील निष्कर्ष आपोआप निघतात. आगगाडीचा जो कंप सेकंदास वीस किंवा त्याहून अधिक वेळां होतो, तो दहा मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगेवर चांगला अडतो. विसाचा कंप यंत्रापर्यंत पोहोंचतांना सुमारें पंधरावा हिस्सा उरतो. पण चालणाऱ्या माणसाचीं पावलें सेकंदास दोनच्या आसपास पडतात, आणि त्यांचे दुप्पट-तिप्पट वेगाचे हेलकावे चार ते सहाच्या घरांत येतात. म्हणजे जी स्प्रिंग आगगाडीला अडविते, तीच पावलांना साथ देते! बाजारांत मिळणारे पातळ रबराचे पाय तर आणखी घातक ठरूं शकतात. ते दोन-अडीच मिलिमीटर दबतात, त्यांची लय दहाच्या आसपास पडते, आणि सुईच्या दांडीची स्वतःची लयहि बहुधा आठ ते बाराच्या मध्यें असते. दोन लयी जुळल्या कीं सुई नाचूं लागते. पैसे मोजून विकत घेतलेला उपाय असा अपाय होऊन बसतो.

तेव्हां पावलांचा बंदोबस्त स्प्रिंगेनें नव्हे, तर जागेनें करावयाचा असतो. ह्या बाबतींत शहापूर-मुरबाडकडील जुनीं घरें फार सोयीचीं आहेत. दगडी जोत्यावर ठोकून-चोपून केलेली तळमजल्याची जमीन पावलांनीं हालत नाहीं; लांकडी तुळयांवर टाकलेला माळा मात्र लहान मुलाच्या चालण्यानेंहि लवतो. म्हणून यंत्र माळ्यावर कधींहि नेऊं नये. दगडी किंवा विटांच्या जाड भिंतींतील कोनाडा तर अशा यंत्रासाठींच केलेला वाटावा इतका उपयोगी असतो, कारण त्याचा जमिनीच्या हेलकाव्याशीं संबंध जवळजवळ तुटलेला असतो. कोनाडा नसेल तर तशाच भिंतींत लोखंडी घोड्या पक्क्या बसवून त्यांवर फळी टाकावी. कारवीच्या कुडाला मात्र अशी फळी लावूं नये. तो भार पेलणार नाहीं, आणि ध्वनिक्षेपकाच्या आवाजानें कूड स्वतःच थरथरेल. सिमेंटच्या नव्या घरांत वरच्या मजल्यावरच यंत्र ठेवणें भाग असेल, तर खोलीच्या मध्याऐवजीं खांबाजवळचा कोपरा पाहावा, कारण तेथें जमीन सर्वांत कमी लवते.

लोहमार्गाचें प्रकरण निराळें आहे. कसाऱ्यापर्यंत आगगाडी १८६१ सालीं आली, आणि १८६५ सालीं ती थळघाट चढून इगतपुरीस गेली. तेव्हांपासून वासिंद, आसनगांव, आटगांव, खर्डी ह्या पट्ट्यांतील घरांना गाडीचा कंप सोबतीला आहे. समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पाहि २०२५ सालीं शहापूर तालुक्यांतूनच खुला झाला. मुरबाडच्या बाजूस उपद्रव रस्त्याचा. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारी जड वाहनें तेथून जातात. अशा घरांत आधीं पक्की जागा आणि मग तिच्यावर मऊ आधार, असा दुहेरी उपाय करावा लागतो.

मऊ आधार महाग असावा लागत नाहीं. खालीं जड फळी, तिच्यावर अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब, आणि ट्यूबेवर दगडी फरशी, एवढ्यानें काम होतें. ४५ सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि अडीच जाड अशा कडाप्पाच्या फरशीचें वजन सुमारें १२ किलो भरतें. हें वजन वायां जात नाहीं. तें जितकें अधिक, तितकी तीच ट्यूब अधिक दबते आणि लय खालीं उतरते. ट्यूबेंत हवा ठासून भरली तर ती दगडासारखी होते आणि उपयोग संपतो. हवा हळूहळू जाते म्हणून दर पंधरवड्यास फरशी समपातळींत आहे कीं नाहीं हें पाहावें. गवंड्याची पाणसळ ह्या कामीं उत्तम. म्हसा येथील जत्रेंत मिळणारें घोंगडें दुमडून यंत्राखालीं घातल्यास लहानसहान खडखड थांबते, परंतु तें पुरेसें दबत नसल्यानें मालगाडीपुढें त्याचें कांहीं चालत नाहीं.

हेंच तत्त्व यंत्राच्या पोटांत बसविण्याचें काम एडगर व्हिल्चर ह्या अमेरिकन संशोधकानें केलें. त्यानें १९६१ सालीं बाजारांत आणलेल्या यंत्रांत मोटर बाहेरच्या चौकटीला जखडलेली होती; तबकडीचें चाक आणि सुईची दांडी हीं दोन्हीं एकाच आंतल्या चौकटीवर बसवून ती चौकट तीन स्प्रिंगांवर तोलली होती. चाक आणि दांडी एकत्र हाललीं तर सुई व तबकडी ह्यांच्यांतील अंतर बदलत नाहीं, आणि अंतर बदललें नाहीं तर आवाज उमटत नाहीं. अशा घडणीचें यंत्र घरीं असेल तर त्याच्याखालीं आणखी स्प्रिंगा घालूं नयेत. दोन लयींचा गोंधळ होतो. त्याला कठीण, हलकी आणि भिंतीला पक्की केलेली फळीच मानवते.

आतां मांडणीविषयीं. सागवानी मांडणी उत्तम. शहापूरच्या रानांत साग आहे आणि सागाचें काम जाणणारे सुतार त्या भागांत दुर्मिळ नाहींत. मांडणी ठेंगणी व रुंद असावी, सांधे खिळ्यांपेक्षां कुसवाचे असावेत, आणि हातानें ढकलून पाहतां ती डुलूं नये. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, तेव्हां समपातळी पुन्हां तपासावी लागते. ओल धरणाऱ्या भिंतीपासून मांडणी चार बोटें दूर असावी. ध्वनिक्षेपक त्याच मांडणीवर कधींहि ठेवूं नयेत. त्यांना वेगळ्या घडवंच्या द्याव्यात आणि त्यांचीं तोंडें यंत्राकडे नसावींत. हवेच्या वाटेनें येणाऱ्या उपद्रवावर अंतर हेंच औषध आहे. तबकड्या उभ्या आणि सर्वांत खालच्या खणांत ठेवाव्यात.

सर्वच यंत्रांना हे सोपस्कार लागतात असें मात्र नाहीं. जुन्या व्हाल्व्हच्या रेडिओंतील दिवे टिचकी मारल्यास वाजतात, त्यांना थोडा मऊ आधार द्यावा. ट्रान्झिस्टरच्या ध्वनिवर्धकाला किंवा फोनवरून गाणें लावणाऱ्या उपकरणाला सामान्य फळी पुरते. त्यांच्याखालीं किंमती धातूचे शंकु घालणें हा केवळ हौसेचा खर्च होय. त्यांना खरी गरज हवेची असते, म्हणून पाठ मोकळी ठेवावी.

आणखी एक गोष्ट शहापूर तालुक्यांत विसरतां येणार नाहीं. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या भातसा जलाशयाच्या परिसरांत, खर्डीच्या बाजूस, १९८३ सालीं भूकंपाचे अनेक धक्के बसले. त्यांतील सप्टेंबरमधला सर्वांत मोठा धक्का पांच रिश्टरच्या किंचित् खालीं होता. मऊ आधारावरचें यंत्र बारीक कंपांपासून सुरक्षित असतें, परंतु मोठ्या धक्क्यांत तेंच प्रथम घसरतें, आणि उंच मांडणी तर उलटून माणसाच्या अंगावर येते. म्हणून मांडणीचा माथा लोखंडी पट्टीनें भिंतीशीं जखडावा, जड वस्तु खालीं ठेवाव्यात, आणि फरशीच्या कडेला बोटभर उंचीची अडणी फळीवर ठोकावी. ती फरशीला टेकूं नये, नाहींतर त्याच वाटेनें कंप वर चढेल. भूकंप नोंदणारें यंत्रहि ह्याच नियमावर चालतें हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यांत टांगलेलें वजन स्थिर राहतें आणि भोंवतालची पृथ्वी हालते. दोहोंतील फरक कागदावर उमटतो. तबकडीच्या यंत्रांत तो फरक उमटूं द्यावयाचा नसतो, एवढाच भेद.

खर्चापूर्वीं परीक्षा करावी. चाक बंद ठेवून सुई स्थिर तबकडीवर टेकवावी, आवाज हळूहळू नेहमींच्या पातळीवर आणावा आणि फळीवर बोटानें हलकेंच टिचकी मारावी. टिचकी ठळक ऐकूं आली किंवा तिच्यामागून घुमणें उरलें, तर ध्वनिक्षेपक दूर न्यावे. मग कोणी खोलींतून चालावें; पावलें ऐकूं आलीं तर जागा बदलावी. शेवटीं गाडीची वाट पाहावी, आणि तिची घरघर आली तरच ट्यूब व फरशी आणावी. ह्या क्रमानें गेल्यास बहुतेक घरांत पहिल्या दोन पायऱ्यांवरच, एक पैसा खर्च न होतां, काम भागतें. मग रात्रीं घाटाकडे गाडी गेली तर ती खिडकींतून ऐकूं येईल, आणि तबकडीवरचें गाणें तिच्या शेजारून स्वच्छ चालत राहील.