कंपनीत लागला, पण कोणाच्या रोलवर? रुजू होण्याआधी हे समजून घ्या

वर्धा : आयटीआय झाली, फिटर किंवा वेल्डरचा कागद हातात आला, की पोरगा कंपनी शोधायला निघतो. कोणी भुगावच्या स्टील प्लांटमध्ये, कोणी देवळी एमआयडीसीत, कोणी नागपूर रोडवरच्या बुटीबोरीत, तर कोणी थेट पुणे-चाकणला. गावात बातमी एकच पसरते, "पोरगा कंपनीत लागला." पण तो कंपनीच्या रोलवर लागला, ठेकेदाराच्या मस्टरवर लागला, की अप्रेंटिस म्हणून लागला, हे पुष्कळदा त्याच्या घरच्यांनाच काय, त्यालाही माहीत नसते. पगार, पीएफ, दवाखाना, अपघाताची भरपाई आणि पुढच्या नोकरीसाठी लागणारा अनुभवाचा दाखला, हे सगळे त्याच एका गोष्टीवर अवलंबून असते.

काम नेमके कसे असते?

भुगावचा लोखंड-पोलादाचा कारखाना जिल्ह्याला नवा नाही. आधी लॉईड्स, मग उत्तम, आता एव्होनिथ. पाटीवरचे नाव बदलत गेले, भट्टी तीच. या भट्टीत वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी टाकतात, खालून तापवलेली हवा सोडतात आणि सुमारे १,५०० अंश सेल्सिअसचा लोखंडाचा रस बाहेर काढतात. असली भट्टी संध्याकाळी बंद करून सकाळी पेटवता येत नाही. म्हणून काम चोवीस तास आणि तीन शिफ्टमध्ये चालते. दिवाळी असो की पोळा, शिफ्ट लागली की जावेच लागते.

देवळी किंवा बुटीबोरीच्या लहान-मध्यम फॅब्रिकेशन शॉपमध्ये चित्र वेगळे असते. तिथे प्लेट कापणे, जुळवणे, वेल्डिंग आणि ग्राइंडिंग हे मुख्य काम. मशीन शॉपमध्ये लेथ किंवा सीएनसीवर दिवसभर उभे राहावे लागते. तिथे ड्रॉइंग वाचता येणाऱ्याला आणि व्हर्नियर नीट धरता येणाऱ्याला किंमत आहे. एखाद्या पार्टचे माप केसाएवढे चुकले तरी तो रिजेक्ट होतो. वावरातल्या कामाची सवय असलेला पोरगा मेहनतीला मागे हटत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याला जड जाते ती नाईट शिफ्ट, आवाज आणि तासन् तास एकाच जागी उभे राहणे.

तीन प्रकारची भरती

कंपनीच्या रोलवर : नेमणूकपत्र कंपनीच्या नावाने मिळते आणि पगार कंपनीच्या खात्यातून येतो.

ठेकेदाराकडून : गेट कंपनीचे, काम कंपनीचे, पण मालक ठेकेदार. ठेकेदार बदलला की नोकरी डळमळते. मात्र ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते. हे लक्षात ठेवा, कारण "आमचा काही संबंध नाही" हे उत्तर सर्रास दिले जाते.

अप्रेंटिस : ही नोकरी नसून १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचे प्रशिक्षण आहे. पगाराऐवजी स्टायपेंड मिळतो. पीएफ आणि ईएसआय लागू होत नाही. पण काम करताना इजा झाली तर भरपाई देणे मालकावर बंधनकारक आहे. नोंदणी सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर झाली आहे का, ते पाहा. झाली नसेल तर शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळणार नाही आणि वर्ष वाया जाईल.

पगाराची स्लिप अशी वाचा

समजा महिन्याचा पगार १५,६०० रुपये आहे, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १३,०००.

पीएफ १२ टक्के म्हणजे १,५६० रुपये कापले जातील. तेवढीच रक्कम मालकाने स्वतःच्या खिशातून भरायची असते. ईएसआय लागू असेल तर ०.७५ टक्के, म्हणजे ११७ रुपये. व्यवसाय कर पुरुष कामगाराला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हातात येतील १३,७२३. मालकाचा पीएफचा वाटाही तुमच्याच पगारातून कापला जात असेल, तर गडबड आहे.

ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. १५,६०० ला २६ दिवसांनी भागले तर रोज ६०० रुपये, म्हणजे तासाला ७५. ओटीच्या तासाला १५० मिळाले पाहिजेत. चार तास ओटी केली तर पूर्ण दिवसाची मजुरी होते. सिंगल रेटने ओटी देत असतील तर निम्मे पैसे बुडाले समजा.

पीएफचा यूएएन हा १२ अंकी नंबर जपून ठेवा. ठेकेदार बदलो की कंपनीचे नाव, हा नंबर तोच राहतो. नव्या ठिकाणी तोच द्या, नाहीतर पैसे वेगवेगळ्या खात्यांत विखुरतात. यूएएन चालू असेल आणि मोबाइल जोडलेला असेल, तर ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल देऊन शिल्लक कळते. स्लिपवर कापलेले पैसे खात्यात जमा झाले का, ते दर महिन्याला पाहा.

ईएसआयची मर्यादा महिन्याला २१,००० रुपये पगाराची आहे. कामावर अपघात होऊन घरी बसावे लागले तर मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. पण त्यासाठी तुमचे नाव नोंदलेले हवे. म्हणून कार्ड पहिल्याच महिन्यात मागा.

जीव आधी, प्रॉडक्शन नंतर

फेब्रुवारी २०२१ मध्ये भुगावच्या कारखान्यात भट्टीच्या देखभालीचे काम सुरू असताना दुर्घटना झाली आणि ३० हून अधिक कामगार जखमी झाले. यातून शिकायचे ते हे, की नेहमीच्या कामापेक्षा दुरुस्ती-सफाईच्या कामात धोका जास्त असतो.

• टाकी, भट्टी, पाइप किंवा खड्ड्यात उतरण्याआधी लेखी परमिट झाले का, ते विचारा.
• मशीन दुरुस्त करताना वीज बंद करून स्विचला कुलूप लावा. चावी स्वतःजवळ ठेवा.
• भट्टीच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. गॅस डिटेक्टरशिवाय आत जाऊ नका. आत कोणी पडला तर धावत मागे उतरू नका, आधी रेस्क्यू टीमला बोलवा. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे दगावतात ते इथेच.
• हेल्मेट, बूट, चष्मा देणे मालकाचे काम आहे. त्याचे पैसे कापता येत नाहीत.

रुजू होताना काय मागायचे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यानुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. पत्रावर मालकाचे नाव, पद आणि पगार वाचून मगच सही करा. कोऱ्या कागदावर सही करू नका आणि मूळ मार्कशीट कोणाकडे ठेवू नका. नेमणूकपत्र, गेटपास आणि दर महिन्याच्या स्लिपचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, एक प्रत घरीही पाठवा. उद्या काही झालेच, तर तुम्ही तिथे कामाला होता हे सिद्ध करायला हेच कागद लागतात.

मजुरी बुडाली तर वर्ध्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पीएफची तक्रार ऑनलाइनही करता येते. एकट्याने जायला भीती वाटत असेल तर चार-पाच जण मिळून जा.