तासाचे भाडे आणि पिढ्यांची जमीन

पाऊस सरला, भातकापणी आटोपली आणि मळणीचे खळे मोकळे झाले, की पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत एक नवाच हंगाम सुरू होतो. पूर्वी या दिवसांत वायंगणाची तयारी, काजूच्या बागेतील साफसफाई आणि ढासळलेल्या गडग्यांची डागडुजी चाले. आता त्या कामांच्या जोडीला, आणि कित्येक ठिकाणी त्या कामांच्या जागी, भाड्याने आणलेल्या यंत्राची घरघर ऐकू येते. सकाळी रान होते तेथे संध्याकाळी तांबडी सपाट जागा दिसते. हे दृश्य आता इतके सवयीचे झाले आहे की त्याकडे वळून पाहण्याचेही कोणास सुचत नाही. म्हणूनच या विषयाकडे आमच्या वाचकांचे आणि राज्यकर्त्यांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

खेड्यातील माणसाच्या तोंडी या यंत्रांची दोन नावे आहेत : जेसीबी आणि पोकलेन. दोन्ही मूळची कारखानदारांची नावे. इंग्लंडातील जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या उद्योगाची आद्याक्षरे म्हणजे जेसीबी. पोकलेन ही मूळची फ्रान्समधील कंपनी. परदेशातील या नावांनी आमच्या भाषेत कायमचे घर केले. जेसीबी साधारण आठ टनांचा, पुढे खोरे आणि मागे खोदणारा हात असलेला. पोकलेन पट्ट्यांवर चालणारा, वीस टनांचा किंवा त्याहूनही जड. विकत घेणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे. पण तासाच्या भाड्याने ते कोणाच्याही दारात येऊन उभे राहते. एरव्ही चार-सहा माणसांना महिनाभर पुरले असते, ते काम एका दिवसात उरकते.

आम्ही यंत्राचे शत्रू नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. शेतात राबणारे हात कमी झाले आहेत. मुलगा पणजीस किंवा परदेशी नोकरीला गेला, म्हातारा बाप एकटा उरला, मजूर मिळेना; अशा घरची मोरडाची शेते पाचदहा वर्षे पडीक राहून त्यांवर रान माजते. ते कोयत्याने आणि कुदळीने काढा असे त्या वृद्धास सांगणे हा शहरात बसून केलेला फुकाचा उपदेश होय. गाळाने भरलेली तळी उपसणे, फुटलेला बांध घालणे, बुजलेला व्हाळ मोकळा करणे, काजूच्या किंवा आंब्याच्या लागवडीसाठी खड्डे मारणे, या कामी भाड्याचे यंत्र वरदानच आहे. आमची तक्रार आहे ती निराळी. शेताच्या सोयीसाठी आलेले हे यंत्र आज शेतच नाहीसे करण्याच्या कामी जुंपले जात आहे.

हे घडले कसे, याचा इतिहास या दोन तालुक्यांतच दडलेला आहे. डिचोलीने यंत्र प्रथम पाहिले ते खाणीवर. लोहखनिजासाठी डोंगरच्या डोंगर पोखरले गेले. खाणीवर माती वाहणारे टिपर आणि खोदणारी यंत्रे घेण्यासाठी गावोगावच्या लोकांनी कर्जे काढली. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम थांबविले आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्दबातल ठरले. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले खरे. पण मधल्या वर्षांत ज्यांच्या दारात यंत्र उभे आणि डोक्यावर हप्ता होता, त्यांनी काय करावयाचे? जेथे काम मिळेल तेथे ते गेले. पोटासाठी हात-पाय हलविणाऱ्या या माणसास दोष देणे आम्हांस रास्त वाटत नाही.

काम मिळाले ते शेजारच्या पेडण्यात. मोपाच्या पठारावर विमानतळ उभा राहिला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २०२३ च्या जानेवारीत विमाने उडू लागली. त्यापूर्वी पर्यावरणाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा प्रकल्प काही काळ रोखूनही धरला होता. विमानतळाबरोबर जोडरस्ते आले, महामार्ग रुंद झाला आणि जमिनीचा भाव असा चढला की धारगळपासून मांद्रेपर्यंत काजूची टेकडी ही ‘जागा’ झाली. गिऱ्हाईकास टेकडी नको असते. त्यास सपाट भूखंड हवा असतो. तेव्हा विक्रीपूर्वी रान काढून, उतार कापून, खालच्या बाजूस भर घालून जमीन ‘तयार’ करण्याचा धंदा बोकाळला. कालपर्यंत खनिज काढणाऱ्या यंत्रास नवा मालक मिळाला, एवढेच.

आता ही जमीन आहे तरी कशी, ते पाहू. आमची पठारे आणि टेकड्या जांभ्या दगडाच्या. हा दगड सच्छिद्र असून पावसाचे पाणी पोटात घेतो. त्याच्या खाली मऊ, चिकण मातीचा थर असतो. वर मुरलेले पाणी त्या थरावर अडते आणि टेकडीच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येते. खालचे कुळागर, त्याच्या पलीकडचे भातशेत आणि वाड्यावरच्या विहिरी या सर्वांचे प्राण त्या झरीत असतात. जांभ्यावरची सुपीक माती मात्र फार पातळ. काही ठिकाणी वीतभरही नाही. इंचभर माती घडावयास शेकडो वर्षे लागतात आणि यंत्राच्या खोऱ्यास ती खरवडावयास काही क्षण पुरतात.

थोडा हिशेब केला तर गोष्ट अधिक उमगेल. एक एकर जमिनीवरून केवळ पंधरा सेंटिमीटर माती खरवडली, तर ती सहाशे घनमीटर, म्हणजे लहान टिपरच्या सुमारे शंभर खेपा, इतकी भरते. आमच्या भागात वर्षास सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे त्याच एकरावर एका हंगामात एक कोटी वीस लाख लिटर पाणी कोसळते. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि असे दिवस पावसाळ्यात अनेकदा येतात, तर चार लाख लिटर. झाडाझुडपांनी झाकलेल्या उताराने त्यातील मोठा भाग मुरवून घेतला असता. उघड्या, यंत्राच्या वजनाने दाबून घट्ट झालेल्या जमिनीवरून तो तसाच वाहतो. आणि जाताना सैल पडलेली भराव-माती बरोबर नेतो. ती माती जाते कोठे? खालच्या माणसाच्या शेतात, त्याच्या विहिरीत आणि गावच्या व्हाळात. डिचोलीच्या शेतकऱ्यास याचा अनुभव जुना आहे. शिरगाव, मये, पिळगाव या परिसरात खाणींचा गाळ शेतात येऊन बसल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या. त्या पोळलेल्या तालुक्याच्या शेजाऱ्याने तीच कथा नव्याने लिहावी, हे दुर्दैव नव्हे काय?

याहून भयंकर शक्यता आहे ती दरडीची. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात एका दिवसाच्या अतिवृष्टीने डोंगर सुटले आणि पुराने हाहाकार केला, हे गोमंतक विसरलेला नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. मुख्य कारण मुसळधार पाऊस हे खरे. परंतु उतारावर भातखाचरे काढण्यासाठी यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचाही त्यात हात असावा का, हा प्रश्न तेव्हा जाणकारांनी गंभीरपणे मांडला होता. तेथे तर उद्देश शेतीचाच होता. उद्देश चांगला असला म्हणजे उतार क्षमा करतो असे नाही. आमच्या टेकड्या सह्याद्रीच्या कड्यांएवढ्या उंच नाहीत, म्हणून आम्ही निर्धास्त राहावे, असेही नाही. घरामागे पंधरावीस फूट उभा कापलेला मातीचा कडा हा त्या घरापुरता माळीणच असतो.

असे बेफाम काम का होते? त्याचे एक कारण भाड्याच्या पद्धतीतच आहे. यंत्र तासावर घेतले तर मालकाचा जीव घड्याळात अडकतो. वरची सुपीक माती आधी बाजूला काढून ठेवा, भराव थराथराने दाबा, पाण्यास वाट ठेवा, असे सांगण्याची त्यास सवड नसते, कारण प्रत्येक काळजी म्हणजे आणखी एका तासाचे भाडे. काम उक्ते दिले तर घाई ठेकेदारास असते. चालक पगारी, त्यास खूण दाखविली तेथपर्यंत तो कापीत जातो. अशा रीतीने पाहणारे तिघे आणि जबाबदार कोणीच नाही, अशी ही व्यवस्था आहे. नुकसान मात्र चौथ्याच्या, म्हणजे खालच्या शेतकऱ्याच्या, वाट्यास येते, आणि त्याची सही कोणत्याही कागदावर नसते.

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात नंतर घातलेल्या १७-अ कलमान्वये मुख्य नगर नियोजकांच्या लेखी परवानगीवाचून डोंगर कापता येत नाही आणि सखल जमीन बुजविता येत नाही. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये झाड तोडावयास परवानगी लागते. शेतजमिनीचा बिगरशेती वापर करावयाचा तर सनद हवी. कुळांना मिळालेली शेतजमीन अन्य कामी लावण्यास १९९१ च्या कायद्याने मज्जाव केला आहे. २०२१ च्या प्रादेशिक आराखड्याने पंचवीस टक्क्यांहून अधिक उताराच्या जमिनी विकासापासून अलग ठेवल्या. कायद्यांचे हे गाठोडे भरगच्च आहे. परंतु यंत्र येते ते शनिवारी सायंकाळी, आणि सोमवारी कचेरी उघडेपर्यंत टेकडी गेलेली असते. मग पंचनामा, नोटीस, सुनावणी. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. दंड भरला तरी कापलेली टेकडी पुन्हा उभी राहत नाही.

म्हणून इलाज यंत्र सुरू होण्यापूर्वीचा हवा. आमची पहिली सूचना अशी की, प्रत्येक भाड्याच्या यंत्राची तालुका पातळीवर नोंद व्हावी आणि उतारावरील किंवा सखल भागातील कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी परवान्याची प्रत यंत्रावर ठेवणे सक्तीचे व्हावे. ती नसेल तर यंत्र जप्त होईल, हे मालकास ठाऊक असले म्हणजे परवाना तोच प्रथम मागेल. दुसरी सूचना : परवानगी दिलेल्या कामाचा सर्व्हे क्रमांक आणि मुदत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, म्हणजे खालच्या शेतकऱ्यास आक्षेप घेण्यास अवसर राहील. तिसरी : मे महिन्याच्या मध्यानंतर उघडी माती तशीच टाकण्यास मनाई असावी. चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची : पडीक शेत लागवडीखाली आणू इच्छिणाऱ्या लहान शेतकऱ्यास कृषी खात्याने माफक भाड्यात यंत्र आणि त्याबरोबर उतार पाहून आखणी करून देणारा माणूस द्यावा. प्रामाणिक कामासाठी सरळ मार्ग खुला असेल, तरच आडमार्ग बंद करण्याचा नैतिक अधिकार सरकारास पोहोचतो.

जमीनमालकांनाही दोन शब्द. यंत्र मागविण्यापूर्वी एकदा भर पावसात आपल्या जमिनीवर फेरी मारा आणि पाणी कोठून येते व कोठे जाते ते पाहा. वरची माती वेगळी रचून ठेवा व काम संपल्यावर परत पसरा. एकाच उभ्या कापाऐवजी उताराला आडव्या, लहान पायऱ्या घ्या. भरावास गडग्याचा आधार द्या आणि त्या गडग्यात पाणी निघण्यास भोके ठेवा. जुनी झाडे मुळांनी माती धरून असतात. ती अडगळ समजू नका. यासाठी दोन तासांचे भाडे अधिक पडेल. एका पावसात वाहून गेलेल्या भरावाच्या मानाने ते काहीच नाही.

२०२३ मध्ये पेडणे तालुक्याच्या विभागीकरणाचा मसुदा पुढे आला, तेव्हा गावे उठली आणि सरकारास माघार घ्यावी लागली. कागदावरच्या रंगांविरुद्ध जी जागरूकता दिसली, ती प्रत्यक्ष टेकडीवर चढणाऱ्या यंत्राविरुद्ध का दिसू नये? की शेजाऱ्याच्या जमिनीत यंत्र आले म्हणजे अन्याय आणि आपल्या जमिनीत आले म्हणजे विकास, असा आमचा न्याय आहे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गावाने आपल्या ग्रामसभेत द्यावे. यंत्र तासाने मिळते आणि तास संपला की निघून जाते. मागे राहतो तो गाव, त्याची झरी आणि येणारा मृगाचा पाऊस. त्या पावसापूर्वी शासन आणि समाज या दोघांनीही जागे व्हावे, एवढीच आमची मागणी आहे.