खत बंद, फुलं चालू!

इंग्लंड-अमेरिकेत घरासमोरचं गुळगुळीत, हिरवंगार लॉन म्हणजे सभ्य कुटुंबाची खूण. आता तिथलीच मंडळी ते उकरून रानफुलं पेरताहेत. काम सोपं दिसतं, पण नेहमीचं बागकाम इथे उलटं करावं लागतं. कसं, ते पाहा.

लोकरीपासून लॉनपर्यंत
लोकरी कापडावरची लव भादरणारं गिरणीतलं यंत्र पाहून एडविन बडिंग या इंग्रज कारागिराला गवत कापायचं यंत्र सुचलं. १८३० साली त्याने पेटंट घेतलं. त्याआधी गवत एकसारखं राखायचं तर गडी हवेत, नाहीतर मेंढ्या. यंत्र आलं आणि जमीनदारांचा थाट मध्यमवर्गाच्या अंगणात उतरला.

खायचं नाही, विकायचं नाही, तरी पीक!
नासाच्या संशोधकांनी २००५ साली अंदाज बांधला, की अमेरिकेत लॉन सुमारे १ लाख २८ हजार चौरस किलोमीटरवर पसरलंय. म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून जास्त आणि तिथल्या बागायती मक्याच्या जवळपास तिप्पट.

अडीच शतकांचा मान गेला
केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने १७७२ पासून जपलेल्या लॉनच्या एका भागात २०१९ साली रानफुलं पेरली. बी ३३ जातींचं, पण पुढे मोजल्या तेव्हा वनस्पती निघाल्या तब्बल ८४ जातींच्या! वनस्पती, कोळी, किडे मिळून जातींची संख्या उरलेल्या लॉनच्या तिपटीहून जास्त भरली. किडे वाढले तशी वटवाघळांची वर्दळही वाढली. कापणीला शायर जातीचे धिप्पाड घोडे जुंपले.

उपाशी ठेवा!
सुपीक मातीत गवत माजतं आणि फुलझाडांना दाबून टाकतं. म्हणून रानफुलांसाठी खत बंद. काही जण तर वरची कसदार मातीच खरवडून काढतात. खात्री पटत नसेल तर साताऱ्याचं कास पठार आठवा. जांभ्या कातळावर मातीचा पातळ थर, पण पावसाळा सरता सरता फुलांचे गालिचे! तिथली ‘सीतेची आसवं’ ही फुलझाडं तर नत्राची टंचाई बारीक जीव गिळून भागवतात.

परोपजीवी, पण आपल्या बाजूची
ज्वारीच्या मुळांतून रस शोषणारा टारफुला आपल्या शेतकऱ्याला रडवतो. त्याच कुळातली ‘यलो रॅटल’ ही पिवळ्या फुलांची वनस्पती इंग्लंडमध्ये मुद्दाम पेरतात. ती गवताच्या मुळांवर जगते, गवत खुरटतं आणि इतर फुलांना जागा मिळते. बी मात्र हिवाळ्याआधीच पडायला हवं; थंडी खाल्ल्याशिवाय ते रुजत नाही.

कुंभकर्ण बिया
तांबड्या पॉपीच्या बिया जमिनीत कित्येक दशकं झोपून राहतात. माती उलथली, उजेड लागला, की उठतात. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी नांगरलेल्या फ्रान्स-बेल्जियमच्या रानांत त्या म्हणूनच फुलल्या. जुनं लॉन खणल्यावर न पेरलेलं काही उगवलं, तर दचकू नका.

खंदकात घसरगुंडी
टॉवर ऑफ लंडनचा कोरडा खंदक वर्षानुवर्षं गवताखाली होता. २०२२ साली राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या सत्तरीनिमित्त तिथे दोन कोटींहून जास्त बिया पेरल्या. फुलांत उतरायला चक्क घसरगुंडी होती!

सोसायटी, गप्प बैस
अंगणात लॉन नाही म्हणून अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात एका जोडप्याशी सोसायटी भांडली. प्रकरण इतकं गाजलं, की २०२१ साली कायदाच झाला: फुलपाखरं-मधमाश्यांसाठी किंवा पाणी वाचवण्यासाठी केलेल्या बागेच्या जागी सोसायटी लॉनची सक्ती करू शकत नाही. त्याच वर्षी नेवाडा राज्याने ठरवलं, की लास वेगासच्या परिसरातल्या निव्वळ शोभेच्या लॉनला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी नाही. घरांच्या अंगणांना मात्र सूट.

कापायचं, पण वर्षातून एकदा
बी गळून पडलं, की उन्हाळ्याच्या अखेरीस सगळं कापायचं आणि कापलेलं उचलून न्यायचं. तिथेच कुजलं तर त्याचं खत होतं आणि गवत पुन्हा माजतं. एक जुनी युक्तीही लक्षात ठेवा: कडेने हातभर पट्टा मात्र नीट कापलेला ठेवायचा. तेवढ्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं, की मालक आळशी नाही, हौशी आहे!