ओसाड पांढरी व धातुशोधक यंत्र

आपल्या मुलखांत गांवाचे दोन भाग मानण्याची चाल फार जुनी आहे. जींत पीक होतें ती काळी, व जेथें घरें असतात ती पांढरी. शेंकडों वर्षें मातीच्या भिंती पडून, चुलीची राख, शेण व केरकचरा एकत्र कुजून तेथील माती पांढुरकी होते, म्हणून हें नांव. दुष्काळानें, सांथीनें अगर लुटारूंच्या धाडींनीं एखाद्या गांवाची वस्ती उठून गेली, म्हणजे दप्तरांत त्या मौजाच्या नांवापुढें 'बेचिराख' असा शेरा पडे. मूळ शब्द फारसी. चिराग म्हणजे दिवा, व जेथें दिवा लागत नाहीं तें बेचिराख. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याचीं दप्तरें लिहिण्यांत गेल्यामुळें हा शेरा त्यानें पुष्कळ वेळां पाहिला आहे.

हल्लीं अशा ओसाड जागांवर एक नवीन प्रकार दिसूं लागला आहे. लांब दांडीस वाटोळी तबकडी लावलेलें यंत्र घेऊन माणसें येतात व गुप्तधन काढून देतों असें सांगून शेतकऱ्यास भुलवितात. याविषयीं वाचकांस चार खऱ्या गोष्टी ठाऊक असाव्या, एवढ्याचसाठीं हा लेख.

यंत्र खोटें नाहीं. तबकडींत तारेचें वेटोळें असून त्यांतून विजेचा उलटसुलट प्रवाह सोडतात. त्यामुळें भोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्यांत धातु आला कीं त्या धातूंतहि सूक्ष्म प्रवाह फिरूं लागतात व यंत्र वाजतें. सन 1881 मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहांतील गोळी शोधण्यासाठीं टेलिफोनचे शोधक बेल यांनीं असेंच यंत्र चालविलें. परंतु बिछान्यांतील पोलादी तारांमुळें त्यांची फसगत झाली, असें सांगतात. पुढें दुसऱ्या महायुद्धांत याच विद्येनें जमिनींतील सुरुंग शोधले गेले.

बेल यांच्यासारख्या पंडितास जी अडचण पडली, तीच आज आपल्या पांढरींत पडते. यंत्रास धातु कळतो, धन कळत नाहीं. दाराचा खिळा, बैलाच्या खुराची पत्री, मोडका फाळ, बाटलीचें झांकण, यांपैकीं कशावरहि तें वाजतें. चांगलें यंत्र लोखंड कांहींसें वेगळें ओळखतें. परंतु चकचकीत पत्र्याचा कपटा व सोन्याची बारीक वस्तु यांत तेंहि पुष्कळदां गोंधळतें. शिवाय नाण्याएवढी वस्तु साधारणतः वीतभर खोलीपर्यंतच कळते. सबब, वीस हात खालीं हंडा दिसतो असें जो सांगतो, तो यंत्राच्या नांवावर आपल्या पदरचें सांगतो, हें निश्चित समजावें.

एक साधा विचारहि करावा. गांव सोडून जाणारा माणूस दाराची चौकट व आढें गाडींत घालून नेतो. मग पुरलेला पैसा तो मागें कशाला ठेवील? मालक अकस्मात् मेला असेल तेव्हांच तो मागें राहावयाचा. म्हणून ओसाड पांढरींत बहुधा हातून पडलेली एखादी शिवराई किंवा ढब्बू पैसाच मिळतो.

लेखकाच्या माहितींतील एका शेतकऱ्याची जमीन अशाच एका बेचिराख गांवठाणास लागून होती. दोन यंत्रवाले आले, यंत्र वाजलें, आगाऊ पैशासाठीं त्यानें ऐन पेरणीच्या तोंडावर बैलजोडी विकली. तीन रात्रीं खोदून कुलपाचा तुकडा, चार खिळे व दोन शिवराया निघाल्या. यंत्रवाले चौथ्या दिवशीं दिसेनात. बांध उकरल्यामुळें पहिल्याच पावसांत अर्ध्या बिघ्याची माती ओढ्यास गेली. परंतु खरें संकट पुढेंच होतें. यास हंडा मिळाला, अशी आवई उठली व सख्ख्या चुलतभावानें वांटणीचा दावा लावला. अर्ज लिहून घेण्यास तो मजकडे आला, तेव्हां म्हणाला, "भाऊसाहेब, सोनें सांपडलें असतें तर वांटा दिला असता. न सांपडलेल्याचा वांटा कसा द्यावा?" या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. ते दोघे अद्याप एकमेकांच्या दारीं जात नाहींत.

पूर्वीं पायाळू माणसास धन दिसतें अशी समजूत होती, व त्या नादानें अघोरी कृत्येंहि घडलीं. गुप्तधनाच्या नांवाखालीं असलीं कृत्यें करणें 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें महाराष्ट्रांत गुन्हा आहे. यंत्रवाला व मांत्रिक जोडीनें आले, तर दोघांसहि पोलीस पाटलाच्या स्वाधीन करावें.

आतां खरोखरच कांहीं सांपडलें तर काय? सन 1878 चा निखातनिधीचा कायदा याविषयीं स्पष्ट आहे. जमिनींत लपलेली 10 रुपयांहून अधिक किमतीची वस्तु मिळाल्यास शोधणाऱ्यानें ती काय आहे, कोठें व कोणत्या तारखेस मिळाली, हें होईल तितक्या लवकर कलेक्टरास लेखी कळवावें, आणि वस्तु सरकारी खजिन्यांत ठेवावी अगर जामीन द्यावा. चौकशींत ती बेवारस ठरली व शोधणारा आणि जागेचा मालक यांचा आपसांत करार नसला, तर शोधणाऱ्यास तीन-चतुर्थांश व मालकास एक-चतुर्थांश मिळतो. सरकारास ती ठेवावयाची असल्यास तिच्यांतील धातु इत्यादि जिनसांची किंमत व तिचा एक-पंचमांश अधिक सरकार देतें. उलट, जो लपवितो त्याचा वांटा सरकारजमा होऊन त्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड, अगर दोन्ही शिक्षा होऊं शकतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंस 1972 चा पुरावस्तूंचा कायदाहि लागू असून त्यांचा परवान्यावांचून व्यापार करतां येत नाहीं.

कळविण्यानें नुकसान होतें असें नाहीं. इंग्लंडांत हॉक्सन गांवीं 1992 मध्यें एका कुळाचा हातोडा शेतांत हरवला. मित्रानें तो शोधण्यास यंत्र चालविलें, तों रोमन नाणीं लागलीं. त्यांनीं पुढें न खोदतां वर्दी दिली. जाणत्यांनीं तो सांठा जसाच्या तसा उचलला. सुमारें 15,000 नाणीं निघालीं. मित्रास 17॥ लक्ष पौंड बक्षीस मिळालें, तें त्यानें शेतकऱ्याबरोबर वांटून घेतलें. तो हातोडासुद्धां आज ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे.

आपल्याकडील उदाहरण दायमाबादचें. प्रवरेच्या कांठीं या ओसाड पांढरींत 1974 मध्यें झुडपाचीं मुळें खणतांना एका भिल्ल शेतकऱ्यास कांशाचीं चार शिल्पें मिळालीं: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा. वजन एकंदर 60 किलोहून अधिक. बहुतेक पंडित तीं सुमारें चार हजार वर्षांपूर्वींचीं मानतात. परंतु शास्त्रोक्त उत्खननांत न निघाल्यामुळें त्यांच्या काळाविषयीं वाद राहिलाच. वस्तु कोणत्या थरांत, कशाशेजारीं होती, हाच तिचा सात-बारा. तो एकदां फाटला म्हणजे दुसरी नक्कल मिळत नाहीं.

याच कारणास्तव आणखी एक विनंति. पांढरीची माती खतास उत्तम, म्हणून ती गाड्या भरून शेतांत टाकण्याची चाल आहे. मातींत जुनीं खापरें, मणी, हाडें दिसूं लागल्यास हात थांबवावा व तलाठ्यास कळवावें. बेचिराख गांवाचा दिवा पुन्हा लागणार नाहीं. परंतु तेथें कोण नांदलें, काय पेरलें व काय खाल्लें, हें सांगणारी एवढी एकच वही आपल्या बांधाशेजारीं उरली आहे. बाकी शेतकऱ्याचें धन कोठें आहे, हें सांगण्यास यंत्र नको. तें काळींत आहे, व तेथें पोंचण्यास वीतभर नांगरट पुरते.