ऑपरेशन मोफत झाले, पुढच्या रोजीरोटीचे काय?

यंत्रमागावरच्या विणकराला महिन्याचा बांधलेला पगार नसतो. जितके कापड निघेल तितकी मजुरी. बारा तासांची पाळी, काम उभ्याने आणि नजर एकाच वेळी अनेक मागांवर. अशा माणसाला हृदयविकाराचा झटका आला म्हणजे दुखणे त्याच्या एकट्याचे राहत नाही. सगळे घर आजारी पडते. मालेगावात कापडाचा व्यापार करताना आम्ही हे वारंवार पाहतो.

पूर्वी पहिली अडचण इलाजाच्या पैशांची असे. एकेका स्टेंटला लाखाच्या घरात रक्कम मोजावी लागे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधयुक्त स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना होय. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरले. अँजिओप्लास्टी व बायपास दोन्ही त्यात येतात. रेशनकार्ड व आधारकार्ड तयार असेल तर योजनेतील रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र पुढचे कागद करून देतो.

परंतु खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते. रुग्णालयातून दिलेल्या गोळ्या काही दिवसांत संपतात. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टर बहुधा काही महिने ते वर्षभर घ्यायला सांगतात. त्यांपैकी एक आणि कोलेस्टेरॉलची गोळी तर पुढेही चालू राहते. मजुरी बंद, किराणा उधारीवर. मग माणूस विचार करतो, छातीत आता दुखत नाही, गोळी कशाला? मनाने गोळ्या बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. जन औषधी दुकानात हीच औषधे मूळ नावाने पुष्कळ स्वस्त मिळतात. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहायला सांगावे.

दुसरी अडचण तपासणीची. अनेकांना त्यासाठी नाशिक, धुळे किंवा मुंबई गाठावी लागते. गाडीभाडे, सोबतचा माणूस आणि दोघांची बुडालेली मजुरी धरली तर मोफत तपासणीही महाग पडते. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात आणि सरकारी दवाखान्यांची ओपीडी त्या दिवशी चालू असते. तेव्हा शक्य असेल तेथे पुढची तारीख शुक्रवारचीच मागावी. रमजानपूर्वीही एकदा डॉक्टरांना भेटून रोजा झेपेल का आणि गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे विचारून घ्यावे. आजाऱ्याला शरीअतने सवलत दिलेली आहे.

तिसरी अडचण कामाची, आणि ती आपल्या हातची आहे. ईएसआय योजनेत आजारपणात मजुरीचा काही भाग मिळतो. पण दहापेक्षा कमी कामगारांचे लहान कारखाने सहसा त्याबाहेर राहतात. म्हणून माणूस पुरता बरा होण्याआधीच मागावर उभा राहतो, नाहीतर त्याच्या जागी शाळेतला मुलगा येतो. एका आजारात दोन पिढ्यांचे नुकसान होते.

मागवाल्यांना आमचे सांगणे आहे की, अशा कारागिराला डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच कामावर घ्यावे. बीम उचलणे आणि रात्रपाळी काही काळ नको. कापड तपासणे, घडी घालणे, माल मोजणे ही कामे बसून होतात. वीस वर्षांचा तयार हात गमावण्यापेक्षा त्याला तीन महिने सांभाळणे धंद्यातही फायद्याचेच आहे.

व्यापारी बांधवांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मागवाला कारागिराला उचल देतो ती आपण चुकवलेल्या बिलातून. बिल वायद्यावर मिळाले तर त्याच्याकडे देण्यास पैसा राहतो. बिल महिनोन्‌महिने अडले तर त्याची झळ शेवटी आजाऱ्याच्या गोळीपर्यंत पोहोचते. मजुराचा हक्क वेळेवर देण्याची आपल्याला ताकीद आहे. बिल वेळेवर चुकते करणे हाही त्याच हक्काचा एक भाग आहे.