कॅमेऱ्याला रोग कळत नाही

कुक्कुटपालनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते: 'शेडमध्ये एआय बसवा, रोग आधीच कळतो, डॉक्टरांचा खर्च वाचतो.' हा समज नुसता चुकीचा नाही, घातक आहे. कॅमेरा पक्षी कुठे आहेत आणि किती हलतात एवढेच पाहतो, मायक्रोफोन आवाज टिपतो, आणि नेहमीपेक्षा काही वेगळे आढळले की संगणक इशारा देतो. पिल्ले ब्रूडरखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे, भिंतीकडे पांगली तर उकडते आहे, हे यंत्राला शिकवता येते. अमेरिकेतील जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 2014 मध्ये कोंबड्यांच्या श्वासातली घरघर आवाजावरून ओळखून दाखवली. पण घरघर हे लक्षण आहे, निदान नव्हे. रानीखेत रोगाची लासोटा लस दिल्यानंतर काही दिवस पक्षी शिंकतात, ओल्या लिटरमधून अमोनिया उठला तरी शिंकतात, सीआरडी (जुनाट श्वसनरोग) आणि खुद्द रानीखेतमध्येही तेच. यातले नेमके कारण शवविच्छेदनात आणि प्रयोगशाळेतच ठरते. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब केले ते भोपाळच्या प्रयोगशाळेने. आजही एक किलोमीटर परिसरातले पक्षी नष्ट करायचे की नाही, हे प्रयोगशाळेच्या अहवालावरच ठरते. मोबाइलवरच्या इशाऱ्यावर नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: 'आमची अचूकता 95 टक्के आहे.' हा आकडा खरा धरला तरी पुरेसा नाही. समजा, पक्षी निरोगी असताना यंत्र दर 100 दिवसांत 5 दिवस चुकीचा इशारा देते. वर्षात 300 दिवस शेडमध्ये पक्षी असतील तर असे 15 इशारे होतात, आणि खरी साथ येते फार तर एक-दोनदा. म्हणजे बहुतेक इशारे खोटे. शेतकरी कंटाळून फोन बघणे सोडतो, किंवा प्रत्येक इशाऱ्याला पाण्यातून प्रतिजैविक देतो. रानीखेत विषाणूजन्य आहे, त्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नाही. पैसे जातात आणि औषधांना न जुमानणारे जंतू तेवढे वाढतात. यंत्र रात्रभर जागे असते, माणूस झोपतो, हा युक्तिवाद मात्र रास्त आहे. रात्री पंखा बंद पडला किंवा पाण्याच्या निपलची लाइन तुंबली, तर यंत्र ते सकाळच्या आधी सांगते आणि मरतूक टळते. त्याचा खरा फायदा हाच, आणि तो मोठा आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. एआयमुळे कोंबडी झपाट्याने वाढते? नाही, कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने एकच खाद्य देऊन वाढवलेल्या 1957 च्या वाणाचे 56 दिवसांचे वजन 905 ग्रॅम भरले, 2005 च्या वाणाचे 4,202 ग्रॅम. ही निवड-पैदाशीची किमया आहे. कॅमेऱ्याखालच्या कोंबडीचे मांस अपायकारक? कॅमेरा फक्त चित्र घेतो, पक्ष्याच्या शरीरात काहीच सोडत नाही. परदेशी बंदिस्त शेडमध्ये शिकलेली प्रणाली आपल्या पडद्यांच्या उघड्या शेडमध्ये तशीच चालेल? इथला उजेड, वारा आणि आवाज वेगळे आहेत. इथे तपासल्याशिवाय तसे म्हणता येणार नाही.

तेव्हा प्रणाली घेण्याआधी विक्रेत्याला अचूकता विचारू नका. आपल्यासारख्या शेडमध्ये महिन्याला किती खोटे इशारे येतात, ते विचारा. आणि इशारा आला की औषधाच्या दुकानात जाऊ नका. आधी शेडमध्ये जा, नुकताच मेलेला पक्षी पशुवैद्यकाला दाखवा.